विस्तव आधी, लोणी मागाहून

दिवाळी अंकात या सदराला नेहमीपेक्षा जास्त पाने मिळतात, म्हणून संपादक आधीच विचारून ठेवतात. यंदा त्यांचा फोन आला, "काय देताय?" मी म्हटले, "सुरमई." पलीकडून थोडा वेळ आवाजच येईना. मग ते जपून म्हणाले, "अहो, दिवाळी अंक आहे." जणू मला ते ठाऊकच नव्हते! त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते मी समजू शकते. अलीकडच्या पानावर चिरोटे, पलीकडच्या पानावर अनारसे, आणि मध्ये ही बाई सुरमई घेऊन उभी.

पण वाचकहो, फराळ चालतो किती दिवस? पाडवा झाला, भाऊबीज झाली, डब्यांच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे आणि चकल्यांचे तुकडे उरले, की मासे खाणाऱ्या घरांतून एक विशिष्ट शांतता पसरते. कुणी काही बोलत नाही. पण घरातली पुरुषमंडळी सकाळी उठून उगाचच बाजाराची पिशवी शोधू लागतात. ज्यांच्याकडे तुळशीचे लग्न लागेपर्यंत मासळी वर्ज्य असते त्यांनी हे पान दुमडून ठेवावे. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

अडचण एवढीच असते, की मासळी हवी असली तरी तोंड तळणाला विटलेले असते. रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केलेली सुरमई मला एरवी फार प्रिय. त्या दिवशी मात्र कढईकडे पाहवत नाही. अशा वेळी आमच्याकडे गेली तीन वर्षे एक प्रकार होतो. सुरमईच्या जाड तुकड्या ओव्हनच्या धगीखाली भाजायच्या, आणि ताटात वाढताना प्रत्येकीवर कोथिंबीर-लसणाच्या लोण्याची एक चकती ठेवायची. तळण नको म्हणून लोणी, हे ऐकून हसू नका. चकती लहान असते, दोन चहाचे चमचे भरेल एवढी. आणि ती कुठे ठेवायची यापेक्षा केव्हा ठेवायची, यातच सारी मेख आहे.

ही मेख मला पहिल्या खेपेला कळली नव्हती. धाकट्या लेकीने ओव्हन घेऊन दिला होता; त्यात वरच्या बाजूला विजेची सळई आहे, ती लालबुंद होते आणि तिच्या धगीने पदार्थ वरून भाजला जातो. मी मोठ्या हौसेने लोण्यात कोथिंबीर कालवली, तुकड्यांना ती दोन्ही अंगांनी थापली, आणि ट्रे आत ढकलला. चार मिनिटांत ओव्हनमधून धूर येऊ लागला. लोणी वितळून ट्रेमध्ये उतरले आणि तिथे करपले. कोथिंबिरीचा काळा कोळसा माशाला चिकटून बसला. समोरच्या वहिनी, ज्या कांदासुद्धा खात नाहीत, त्या दार वाजवून "काही जळतंय का हो?" म्हणून विचारून गेल्या. तुकड्या आम्ही खाल्ल्या, कारण सुरमईचे भाव पाहता टाकून देण्याची छाती कुणाची? पण सगळ्यांनी त्या निमूटपणे खाल्ल्या, आणि आमच्या घरात जेवताना शांतता असणे हे काही बरे लक्षण नव्हे.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी लोणी कढवताना ध्यानात आले. लोणी म्हणजे निव्वळ तूप नव्हे. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी, आणि थोडासा दुधाचा घन अंश. कढवताना पाणी उडून जाते आणि हा घन अंश तळाशी बसतो. तीच आपली बेरी. जरा लक्ष ढळले की बेरी काळी पडते, हे ज्या घरात तूप कढते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक असते. मग त्याच लोण्याला मी लालबुंद सळईखाली कशी बसवली होती? आणि कोथिंबिरीचे तर सांगायलाच नको. तिचा वास हा पानांतल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. धग लागली की तो गेला. म्हणून तर आपण आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरवतो. ही गोष्ट माझ्या हाताला चाळीस वर्षे ठाऊक होती. फक्त ओव्हन आल्यावर डोके ती विसरले.

फ्रेंच लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्याकडे 'मेत्र दोतेल' नावाचे लोणी असते. मऊ लोण्यात बारीक चिरलेली पार्सली, लिंबाचा रस, मीठ आणि मिरपूड. मेत्र दोतेल म्हणजे घरचा कारभारी. एस्कॉफिए या प्रसिद्ध बल्लवाचार्याच्या १९०३ सालच्या ग्रंथातही हे लोणी आहे. ते विस्तवावर जातच नाही. भाजलेला मासा किंवा मांस ताटात आले, की त्याच्या उष्णतेवर ते वितळते आणि तेच त्याचे कालवण होते. पार्सली ही कोथिंबिरीच्याच कुळातली. तिच्या जागी कोथिंबीर घातली तर आपण फार मोठा गुन्हा करतो असे मला वाटत नाही. शिवाय मासा आणि हिरवी कोथिंबीर यांचे सूत मुंबईला नवे नाही. पारशांची पात्रानी मच्छी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना ते सांगायला नको.

आता बाजार. सुरमई आमच्या तळकोकणात इसवण. नाव बदलले तरी पारख तीच. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लाल हवेत, बोटाने दाबलेले मांस लगेच वर यायला हवे. पण खरी झटापट पुढे असते. आमची नेहमीची कोळीण तळण्याच्या बेताने पातळ तुकड्या करते, अर्ध्या इंचाच्याही आत. मला हवी असते एक इंच जाडीची. "एवढी जाड? आतून कच्ची राहील, बाय," असे ती दर खेपेला सांगते आणि कोयता उगारून वाट पाहते, मी शब्द मागे घेते का म्हणून. शब्द मागे घेऊ नये. सळईची धग तव्यासारखी माशाला चिकटत नाही, वरून पडते. पातळ तुकडी वरून रंग येईपर्यंत आतून पार कोरडी होऊन जाते. जाड तुकडीला वरून भाजायला वेळ मिळतो आणि आत रस राहतो. आडव्या कापलेल्या तुकडीचा आणखी एक गुण असा, की मध्ये काटा आणि कडेला कातडीचे कडे असते, त्यामुळे उलटताना ती मोडत नाही. हलव्याच्या जाड तुकड्याही अशाच चांगल्या होतात. बांगड्याला मात्र या भानगडीत पाडू नये. तो अख्खाच भाजावा.

लोणी आदल्या दिवशी करावे. शंभर ग्रॅम लोणी बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे. वितळवू नये, वितळलेले लोणी पुन्हा थिजल्यावर रवाळ होते. बाजारचे पिवळे लोणी खारट असते, तेव्हा मिठाचा हात आवरावा. घरचे पांढरे असेल तर अर्धा चमचा मीठ लागते. त्यात मूठभर कोथिंबिरीची पाने बारीक चिरून (धुतल्यावर पंचावर पसरून अगदी कोरडी केलेली, नाहीतर लोण्याला पाणी सुटते), लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, एक हिरवी मिरची बिया काढून, अर्ध्या लिंबाच्या सालीचा वरवरचा कीस आणि चमचाभर रस. सालीच्या आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, कडू लागतो. सगळे कालवून बटरपेपरवर ठेवावे, वळकटी करावी, आणि फ्रिजमध्ये टाकावी. रात्रभरात लसणाचा आणि मिरचीचा वास लोण्यात मुरतो. स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो, हे आपल्या फोडणीचेच तर तत्त्व. वळकटीत कच्चा लसूण असतो, तेव्हा ती बाहेर ठेवू नये, आणि चार-पाच दिवसांत संपवावी. उरली तर भाजलेल्या कणसाला लावावी. तिथे ती उरत नाही.

एकदा घरात कोथिंबीर नव्हती आणि शेपूची जुडी होती. शेपूची भाजी म्हटली की आमच्या घरातली माणसे एकेक करून कामाला निघून जातात. मी काही न बोलता शेपूचे कोवळे शेंडे लोण्यात घातले. सर्वांनी मागून मागून खाल्ले, आणि ते काय होते हे मी अद्याप सांगितलेले नाही. हा अंक घरी आल्यावर कळेलच. स्वीडनकडचे लोक माशाबरोबर शेपूच खातात. त्यांची मुले भाजीच्या वेळी कुठे जातात कोण जाणे!

भाजण्याचे काम फार थोडे आहे. तुकड्यांना मीठ आणि किंचित हळद लावून दहा मिनिटे ठेवाव्यात. लिंबाचा रस आधी चोळून तासभर ठेवण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी. आंबटाने मांस विस्तवाशिवायच पांढरे आणि भुसभुशीत होऊ लागते. मग तुकड्या फडक्याने टिपून अगदी कोरड्या कराव्यात. ओली तुकडी आधी वाफवली जाते, भाजली जात नाही. तेलाचा हात फिरवावा, नुसता हात, धार नव्हे. ओव्हनची वरची सळई दहा मिनिटे आधी तापवून ठेवावी, आणि तुकड्या सळईपासून चार इंचांवर येतील अशी जाळी लावावी. कॅनडाच्या मत्स्यखात्याने सांगितलेला एक नियम आहे, जाडीच्या इंचाला दहा मिनिटे. जेम्स बिअर्ड या अमेरिकी पाककृतीकाराने तो पुष्कळ लोकप्रिय केला. नियम म्हणून ठीक आहे, पण माझ्या ओव्हनमध्ये नऊ मिनिटे पुरतात: एका अंगाने पाच, उलटून चार. मधल्या काट्याजवळ सुरीचे टोक घालून पाहावे. मांस काचेसारखे दिसत असेल तर आणखी मिनिटभर. दुधासारखे पांढरे होऊन काट्यापासून सुटत असेल तर तत्क्षणी बाहेर. कडेने पांढरे पांढरे थेंब फुटू लागले तर समजावे की उशीर झाला. ओव्हन नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवून त्यावरही जमते, फक्त सारख्या उलटापालटी करू नयेत.

आणि मग चकती. ताटात, गरम तुकडीवर, जेवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

पहिल्यांदा हे बरे जमले त्या दिवशी आत्याबाईंनी ताट पुढे सारले. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या, वेंगुर्ल्याकडच्या, वय चौऱ्याऐंशी. दहा वर्षे आमच्याकडेच असतात. डॉक्टरांनी त्यांचे तळलेले आणि तिखट बंद केले, तेव्हापासून त्यांचे मासे सुटल्यासारखेच झाले होते. वाफवलेला मासा त्यांना चालत नाही. तो आजाऱ्याचा, असे त्यांचे मत. खरे सांगायचे तर हा सारा खटाटोप मी त्यांच्यासाठीच मांडला होता. त्यांनी चकती वितळताना पाहिली आणि म्हणाल्या, "मासळीवर लोणी? दूधदुभतं? मी नाही गो खायची. कोड उठतं."

हे म्हणाले, "आत्ये, बंगाली लोक दह्यात मासे शिजवतात. दोई माछ म्हणतात. बंगालभर कोड उठलंय का?"

"बंगाल्यांचं बंगाल्यांना," आत्याबाई म्हणाल्या आणि आमटीभात खाऊन उठल्या.

ही समजूत आत्याबाईंची एकटीची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचा विचार आहे, तिथे दुधाबरोबर मासे खाऊ नयेत असे सांगितलेले आहे; मासा उष्ण, दूध शीत, दोहोंचा मेळ रक्ताला बाधतो, असे त्यामागचे कारण. कोकणात ती गोष्ट घरोघर पाळतात. मीही माहेरी पाळत असे. त्यामुळे मी वाद घातला नाही. पण रात्री भांडी आवरत असता आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या.

त्यांना एक धाकटी बहीण होती. १९५८ साली आत्याबाई सतरा वर्षांच्या, धाकटी चौदाची. एका संध्याकाळी घरात इसवणीचे तिखले होते. धाकटीने जेमतेम दोन घास खाल्ले आणि रात्री भूक लागली म्हणून रडू लागली. आई झोपली होती. आत्याबाईंनी कपाटातले वाटीभर दूध तिला दिले. पुढे काही महिन्यांनी तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग दिसला, मग बोटांवर. ज्याने त्याने एकच विचारले, मासळीवर दूध प्यायली होतीस का? ती हो म्हणाली. का प्यायलीस म्हणून सगळे तिच्यावरच तुटून पडले. स्थळे येत, डाग पाहून परत जात. तिचे लग्न झाले नाही. भावाच्या घरी पापड लाटण्यात आणि दुसऱ्यांची मुले सांभाळण्यात तिचा जन्म गेला. २००९ साली ती वारली.

"दूध कुणी दिलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मला कधी बोलली नाही. मीही कुणाला सांगितलं नाही." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू आपली लोणी घाल इतरांना. मला नको."

मला काय बोलावे ते सुचेना. मी ताटे पुसत राहिले.

महिनाभराने आत्याबाईंच्या पायाला खाज सुटली, म्हणून मी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. मलम लिहून झाले. उठता उठता मी आत्याबाईंच्या देखतच विचारले, "मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड होतं का हो?" डॉक्टरीणबाई बहुधा हा प्रश्न आठवड्यातून दहा वेळा ऐकत असाव्यात. त्या सरळ म्हणाल्या, "नाही. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःचीच संरक्षणाची यंत्रणा त्या पेशींवर उलटते, म्हणून डाग पडतात. कुणी काय खाल्लं, कुणी काय पाजलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो दुसऱ्याला होतही नाही."

आत्याबाईंनी विचारले, "वाटीभर दुधानं नाही?"

"बादलीभर दुधानंही नाही, आजी."

टॅक्सीत आत्याबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर देवापुढे बराच वेळ बसून होत्या. त्यांना हायसे वाटले, की इतकी वर्षे फुकट गेली याचे दुःख झाले, हे मी सांगू शकणार नाही. दोन्ही असेल. त्यांची बहीण मात्र हे ऐकायला राहिली नव्हती. कोडावर 'नितळ' नावाचा एक चांगला मराठी चित्रपट आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००६ सालचा. तो आत्याबाईंना दाखवावा असे एकदा माझ्या मनात आले. पण उगाच कशाला, म्हणून मी ते सोडून दिले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, तर आत्याबाई दारात. "इसवण मिळाली तर शेपटाकडची एक तुकडी आण," एवढेच म्हणाल्या. मी आणली. भाजायला ठेवल्यावर त्या स्टूल ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसल्या. आत सळई लाल झाली तसे त्यांना आपल्या माहेरची चूल आठवली. करवंट्यांचे निखारे करून त्यावर बांगडा भाजायचा, नुसता मीठ लावलेला. तेल आधी लावायचे नाही, धूर होतो. भाजून पानात आला, की मग वरून कच्च्या खोबरेलाची धार. "आधी विस्तव, मग तेल. हे आम्हांला कुणी शिकवलं नाही गो," त्या म्हणाल्या. फ्रेंचांच्या कारभाऱ्याचे नाव घेऊन मी जेवढे पांडित्य मिरवले होते, तेवढे मुकाट्याने गिळले.

तुकडी त्यांच्या ताटात वाढली. चकती वाढायला मी धजेना. बशी तशीच मध्ये ठेवली. आत्याबाईंनी स्वतः चमच्याने एक चकती उचलली, तुकडीवर ठेवली, आणि ती कडेने वितळत, हिरवी होत, काट्याच्या खाचेत उतरेपर्यंत पाहत राहिल्या. हे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग त्यांनी काटा अलगद काढून बाजूला ठेवला आणि जेवायला लागल्या. अर्धी तुकडी झाल्यावर मान वर केली.

"कोथिंबीर बरी आहे. पण इसवणीला एवढ्यानं भागत नाही. पुढल्या खेपेला दोन तिरफळं ठेचून घाल. आमच्या धाकटीला तिरफळाशिवाय मासळी लागायचीच नाही."

तिरफळे घ्यायची ती वाळलेली. आतले काळे बी काढून टाकावे, ते दाताखाली कचकन येते. नुसती साल खलबत्त्यात बारीक करून लोण्यात कालवावी आणि लसूण निम्मा करावा, नाहीतर दोघांची मारामारी होते. शंभर ग्रॅम लोण्याला दोन तिरफळे पुरतात. मी तीन घालून पाहिली. जिभेला मुंग्या आल्या. आत्याबाईंना त्या चालल्या.